उंबराखालचा तिसरा डबा

१

घंटा शनिवारी संध्याकाळी गेली आणि सोमवारी सकाळपर्यंत अख्ख्या उमरघाटानं चोर ठरवूनही टाकला. आमच्या गावात हे असंच असतं. नळाला पाणी कधी येणार ते कोणाला ठाऊक नसतं, पण चोर कोण ते चहाच्या पहिल्या कपाला ठरतं.

ठरलेला चोर सोमवारी आठ वाजता माझ्या दारात उभा होता. ममता राठोड, वय चोवीस, घाटावरच्या उद्यानात जुन्या वस्तू मांडलेली जी वस्तूखोली आहे तिची राखणदार. डोळे सुजलेले, खांद्याला कापडी पिशवी.

"बाई, म्या नाही नेली."

मी एसटीत बावीस वर्षं कंडक्टर होते, त्यातली बरीचशी कळंब ते उमरघाट गाडीवर. ही पोर पाचवीपासून बारावीपर्यंत तांड्यावरून माझ्याच गाडीनं शाळेत गेली. पास विसरली तरी मी तिला कधी उतरवलं नाही. आणि तरीही त्या सकाळी मी आधी काय पाहिलं असेल, तर तिची पिशवी. डोळ्यांची जुनी सवय. चढणाऱ्याचं सामान बघायचं आणि उतरणाऱ्याचंही बघायचं. तिनं माझी नजर ओळखली आणि पिशवी हळूच पाठीमागं नेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बस," मी म्हटलं. "चहा घे आणि पहिल्यापासून सांग."

घंटा साधी नव्हती. गाड्या नि रस्ते नव्हते तेव्हा बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ लादून आमच्या घाटावर वर्धा नदी ओलांडायचे. सगळ्यात पुढच्या बैलाच्या गळ्यात ही पितळी घंटा असायची, नारळाएवढी. ममताच्या आजीच्या, सुखीबाईच्या घरात ती पाच पिढ्या होती. चार वर्षांपूर्वी जुन्या घाटाचं उद्यान झालं, तेव्हा म्हातारीनं ती आपल्या हातानं वस्तूखोलीला दिली.

"समितीची सभा बुधवारी हाये," ममता म्हणाली. "एक तारखेपासून मले कायम करणार होते. आता काढून टाकतीन, अन् पोलिसात नाव देतीन. माह्या जागी निकितावहिनी येईन, यादीत तिचंच नाव हाये पुढं. येऊ द्या, ती चांगली हाये. पण बाई, दादी कालपासून जेवली नाही. तांड्यावर लोक तिले म्हणून राह्यले, तू दिलं अन् तुह्या नातीनं नेलं."

"गावात काय म्हणतात?"

तिनं कप खाली ठेवला. "गावात म्हणतात, या लोकायची जातच तशी."

माझं डोकं फिरलं. मी उठून माझी जुनी वही काढली.

२

"शनिवारी चारनंतर कोण कोण आलं? चढताना हातात काय होतं, उतरताना काय होतं, ते सांग."

ममता माझ्याच गाडीत वाढलेली. तिला प्रश्न बरोबर कळला.

पहिला कपिल. मूळचा नेरचा, पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी, सध्या आमच्या गावात राहून घरूनच काम करतो. चार वाजता आला, पाठीवर मोठी बॅग. जाताना तीच बॅग. मधे ममता झाडांचा पाइप बंद करायला गेली, तेव्हा तो खोलीत एकटा होता.

दुसरा उत्तमसिंग, सुखीबाईचा धाकटा दीर. साडेचारला आला, मोटारसायकलवर बैलांच्या ढेपेचं, म्हणजे पेंडीचं, पोतं. घंटा द्यायला त्याचा पहिल्यापासून विरोध. दर शनिवारी येऊन कपाटासमोर बसायचा. तोही थोडा वेळ एकटाच होता. गेला, पोत्यासकट.

तिसरे किसनराव, उद्यान समितीचे अध्यक्ष. शंभर एकरांचे मालक आणि गावातला शब्दाचा माणूस. "पाच वाजता आले, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं घाम पुसतच. रजिस्टर पाह्यलं. मले म्हणे, थंड पाणी आन. म्या फाटकावरच्या मडक्यातून आनलं. साहेब घाटाकडं एक चक्कर मारून आले, पाणी पेले, बाहीनं तोंड पुसलं अन् गेले. हात मोकळे होते." साडेपाचला तिनं कुलूप लावण्याआधी कपाट उघडलं. आत घंटा नव्हती.

"कपाटाला कुलूप?"

"नुसती कडी. पण बाई, ते घंटा हात लागला का वाजते. नदीपार आवाज जाते. म्या कुठंही असती तरी ऐकली असती. काहीच वाजलं नाही."

मी ते वहीत लिहून खाली रेघ ओढली. न वाजता गेली म्हणजे तिच्या पोटात काहीतरी कोंबलेलं होतं.

"आणि रविवारचा खेळ?"

"त्याचं काय? डबेवाला खेळ तर झाला. तुम्ही होत्याच ना."

होते तर. निवृत्त बाईला रविवारी दुसरं काय काम असतं! हा खेळ कपिलनं आणला. कोणीतरी एक डबा लपवतो. त्या जागेचे नकाशातले आकडे फोनवर टाकतो. बाकीच्यांनी फोन हातात धरून ती जागा गाठायची, डबा हुडकायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं. वाटलं तर आतली वस्तू घ्यायची, पण मग आपली एक ठेवायची, आणि डबा होता तसा लपवायचा. जगभर लोक हे खेळतात म्हणे. कपिलनं तीन आठवड्यांपूर्वी आमच्या उद्यानात पाच डबे लपवले होते. रविवारी सकाळी यवतमाळ, कळंब, नेर इथून तीसेक माणसं आली. घंटेची बातमी तोवर फुटली होती, पण आलेल्या पाहुण्यांना परत कसं पाठवणार!

चार डबे सापडले. तिसरा सापडला नाही.

तिसऱ्याचे आकडे घाटावरच्या जुन्या उंबराशी नेत होते. अध्यक्ष म्हणून किसनराव सगळ्यांच्या पुढे, मागून आम्ही. वरच्या पायरीवर उंबराचं जाड खोड आडवं येतं. त्याला वळसा घालून पाण्याजवळ उतरलं आणि मागं वळून पाहिलं की उंबराची मुळं समोर दिसतात. तिथं मुळांत शेंदूर फासलेला देव होता. आम्ही सगळ्यांनी तिथंच पाण्याजवळ चपला काढल्या, हात जोडले. देवाच्या आसपास चाचपडायला कोणाचाच हात धजेना. कपिल फोनकडे बघत पुटपुटला, "इथेच कुठंतरी होता," आणि सगळ्यांनी फोनवर 'सापडला नाही' असं लिहून टाकलं. वर चढताना माझा पाय किसनरावांच्या चपलांत अडकला. खोडामागं वरच्याच पायरीवर सोडून ठेवलेल्या. माणसं वाटेत चपला सोडतात याचा मला गाडीतही राग यायचा.

एका संध्याकाळी घंटा जाते आणि दुसऱ्या सकाळी त्याच घाटावरून डबा जातो. हे दोन चोर होते की एकच?

३

उत्तमसिंग तांड्यावर बैलांना पाणी दाखवत होता. मला बघून त्यानं बादली आपटली.

"पोतं पाहाले आल्या काय? पाहून घ्या. ढेप हाये."

"मी पाहायला नाही, विचारायला आले."

"मग इचारा. हो, मले घंटा घरी पाहिजे होती. आमच्या बैलाची घंटा, अन् पोट्टे तिच्यासंग फोटो काढून राह्यले. पण माह्या भावाच्या नातीले चोर ठरवून मी ते नेईन? तिचं नाव गेलं तर माह्यं राहते काय?"

तो खरं बोलत होता का? त्याचे डोळे सांगत होते की हो. पण डोळ्यांवर मी बावीस वर्षांत एकदाही तिकीट फाडलं नाही.

"उंबराखालच्या देवाला तुम्ही जाता का?" मी सहज विचारलं.

"तो गावातल्या लोकायचा हाये. आमचा नाही."

परत येताना घाटाच्या फाटकाशी सोनीबाई भेटली. ती फुलं आणि नारळ विकते. धंदा कसा आहे विचारलं, तर खुशीत होती.

"लय चांगला हाये बाई! उंबराखालच्या देवाले बाया जाऊन राह्यल्या ना. किसनरावसाहेब तर आज सकाळीच आले, नारळ घेतला, अर्धा तास हात जोडून उभे राह्यले. असा अध्यक्ष पाह्यला नाही."

"कोणाचा गं देव तो?"

"तांड्यावाल्यायचा. आपला नाही." ती हार ओवत म्हणाली. "पण देवाले काय, देव सगळ्यायचा."

मी चार पावलं पुढं गेले आणि थांबले. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते सापडेना.

४

मंगळवारी सकाळी किसनरावांकडे गेले. निकितानं, त्यांच्या सुनेनं, चहा आणला. पोरगी बीए झालेली, बोलायला गोड, शिवणात हात चांगला. सोफ्यावरचे अभ्रे तिनंच भरलेले.

किसनराव दोन दिवसांत खंगल्यासारखे दिसत होते. दाढी वाढलेली. खांद्यावर कोरा दुपट्टा, अजून खळ न उतरलेला.

"विमलताई, चौकशी कायले करता?" ते थकून म्हणाले. "पोरगी लहान हाये. मी तिले पोलिसात देऊ देणार नाही, शब्द देतो. गुपचूप काढू, अन् घंटा काय, सापडते कधी ना कधी."

"सापडते?"

"म्हणजे... सापडावी, एवढंच."

मी चहा तसाच ठेवला. पण किसनराव पाटील! बस बंद पडली की ट्रॅक्टर पाठवणारा माणूस. मी स्वतःलाच दटावलं आणि कपिलकडे गेले.

कपिलनं मला बघताच लॅपटॉप मिटला. हे मला आवडलं नाही.

"तुझ्या बॅगेत शनिवारी काय होतं?"

"मावशी, चार्जर, पाण्याची बाटली अन् डब्यांच्या वह्या. आईची शपथ." तो घामाघूम झाला होता. "तुम्ही मले चोर समजून राह्यल्या काय?"

"तू काहीतरी लपवून राहिलायस. रविवारी उंबराखाली तुझं तोंड पांढरं झालं होतं. डबा गेला म्हणून एवढं कोणी घाबरत नाही."

त्यानं उठून दार लोटलं. मग एकदम म्हणाला, "मावशी, कोणाले सांगू नका. गावातले मले मारतीन. त्या उंबराच्या मुळात एक ढोली हाये. तिसरा डबा म्या त्यात ठेवला, अन् तोंडाशी एक चपटा दगड लावला. देव हाये ना, तो तोच दगड हाये. म्या ठेवला तेव्हा त्याले शेंदूर नव्हता. मले वाटलं, मीच आंधळा. जुना देव असन, शेंदूर धुवून गेला असन, अन् म्या त्याच्या अंगाखाली बिस्किटाचा डबा घातला. म्हणून रविवारी गप बसलो."

मी ताडकन उठले. "शेंदूर नव्हता? नक्की?"

"फोटो हाये," तो म्हणाला आणि फोन पुढे केला.

तीन आठवड्यांपूर्वीचा फोटो. कोरा, राखाडी दगड. त्यावर कधीकाळी शेंदूर लागल्याची खूणसुद्धा नव्हती.

५

थेट सुखीबाईकडे गेले. म्हातारी खाटेवर पडून होती. ममता उशाशी.

"आजी, उंबराखाली कधी देव होता का?"

"ऐंशी वरीस पाह्यलं त्या उंबराले," ती न उठता म्हणाली. "लेकरं न्हायली तिथं, बैलं पाजले. देव नव्हता. काल बाया सांगून राह्यल्या तर म्या म्हटलं, गावातल्यायनं बसवला असन."

आता खटकलेलं सापडलं. गाडीत कोणी बेवारस पिशवी ठेवून गेला तर तासभर कोणी ओरडत नाही. डावीकडच्याला वाटतं उजवीकडच्याची आहे, उजवीकडच्याला वाटतं डावीकडच्याची. उंबराखालचा देव तसाच होता. तांडा म्हणे गावाचा, गाव म्हणे तांड्याचा. तो कोणाचाच नव्हता. तो या तीन आठवड्यांत, बहुधा शनिवारच्या रात्रीतच, कोणीतरी केला होता.

का केला? कारण रविवारी तीस माणसं त्या ढोलीत हात घालणार होती. आणि ढोलीत तेव्हा डब्याशिवाय आणखी काहीतरी होतं.

आपल्याकडे कुलूप फोडणारे पुष्कळ आहेत, पण शेंदूर लागलेला दगड हलवणारा एक दाखवा! मीसुद्धा हात जोडून परत फिरले होते.

आणि हात जोडायच्या आधी मी चपला कुठं काढल्या होत्या? खाली, पाण्याजवळ. सगळ्यांनीच. कारण शेंदूर नदीच्या अंगाला होता. वरच्या पायरीवरून नुसतं खोड दिसतं, देव दिसत नाही. खाली उतरून मागं वळल्याशिवाय तिथं देव आहे हे कोणाला कळणंच शक्य नव्हतं.

मग सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्या माणसानं खोडामागं, वरच्याच पायरीवर, चपला काढल्या त्या कशासाठी?

मी वही उघडली. आले तेव्हा दुपट्ट्यानं घाम पुसत होते. गेले तेव्हा बाहीनं तोंड पुसलं. चढताना सामान होतं, उतरताना नव्हतं.

"बाई, काय झालं?" ममतानं विचारलं.

"उद्याची सभा मी घाटावर घ्यायला लावते," मी म्हटलं. "आणि आजीला घेऊन ये. उचलून आणावं लागलं तरी आण."

६

बुधवारी अकरा वाजता अर्धं गाव आणि अर्धा तांडा घाटाच्या पायऱ्यांवर, एकमेकांपासून हातभर अंतर राखून. सुखीबाईला उत्तमसिंगनं खुर्चीसकट आणलं होतं. किसनराव पाण्याजवळ उभे, शेजारी समितीचे लोक आणि निकिता.

मी सगळ्यांना एकच विचारलं. "हा देव कोणाचा?"

गाव तांड्याकडे बघू लागलं, तांडा गावाकडे. सोनीबाई हार ओवायची थांबली. कपिलनं फोनवरचा फोटो सगळ्यांना दाखवला. कुजबुज वाढत गेली.

"घंटा या दगडामागं आहे," मी म्हटलं. "कोण उचलतो?"

एकही माणूस हलला नाही. उत्तमसिंगनं हात मागं घेतले. "नवा असो का जुना, शेंदूर लागला ना," तो म्हणाला. कपिल तर दोन पायऱ्या वर चढला.

"नका उचलू!" किसनराव ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. "विमलताई, मी पाया पडतो. देव हाये तो. आता देव हाये. उचलनाऱ्याचं घर बसन."

"तुम्ही दोन दिवस तेच करायला येताय ना, किसनराव? उचलायला."

ते दोन पावलं मागं सरले.

तेवढ्यात ममता पुढे झाली. चपला काढल्या. दगडासमोर बसून तिनं हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "देवा, असशीन तर तुले माहीतच हाये." मग दोन्ही हातांनी दगड बाजूला सरकवला.

बायांनी डोळे झाकले. काही झालं नाही. उंबराचं एक पान पडलं, ते रोजच पडतं.

ढोलीत आधी एक गाठोडं लागलं आणि त्यामागं बिस्किटाचा डबा. गाठोडं म्हणजे लाल काठाचा दुपट्टा. अर्धा घंटेच्या पोटात कोंबलेला, अर्धा बाहेरून गुंडाळलेला. त्याच्या कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्यानं एक अक्षर भरलेलं होतं. मी काही बोलायच्या आतच सासऱ्याकडे बघत निकिताच्या तोंडून निघालं, "मामाजी, हे तर म्या..."

अक्षर तिच्याच हातचं होतं.

किसनराव पायरीवर बसले. "आठ दिवस लपवायची होती फक्त," ते खाली बघत म्हणाले. "पोरगी गेली, निकिता लागली, का मीच शोधून देणार होतो. बीए होऊन घरी बसली, म्या सोयऱ्यायले शब्द देल्ता. घाईत दुसरी जागा सुचली नाही. रात्री आठवलं, सकाळी सगळे तिथंच हात घालणार. पहाटेपासून घाटावर फिरनारे येतात. घंटा नेताना दिसलो असतो तर चोर, शेंदूर लावताना दिसलो असतो तर भक्त. म्हणून लावला." त्यांनी तळहात पुढे केले. रेघांमध्ये अजून शेंदूर होता. "सोमवारी न्याले आलो, तर एका बाईनं तिथं लेकरू पायावर घातलतं. मंगळवारी नारळ फुटलते. हात जोडले का सुटेचना. मलेच त्याचं भेव वाटाले लागलं."

"मले नको होती अशी नोकरी," निकिता रडत म्हणाली. ती तांड्याच्या बाजूच्या पायरीवर जाऊन बसली.

सुखीबाईनं घंटा मांडीवर घेतली. तिनं तो दुपट्टा हळूहळू, चिंधी चिंधी ओढावी तसा बाहेर काढला. शेवटचं टोक सुटलं आणि घंटा वाजली. खरंच नदीपार गेला आवाज. उत्तमसिंग लहान पोरासारखा रडला, आणि मीही.

७

सभा दहा मिनिटांत संपली. किसनरावांनी राजीनामा दिला, पुढचं पोलीस बघतील. ममताला कायम करण्याचा ठराव सगळ्यांच्या सह्यांनी झाला. सगळ्यात आधी सह्या कोणी केल्या? सोमवारी चहाच्या कपाला चोर ठरवणाऱ्यांनी. आमचं गाव!

माणसं पांगल्यावर कपिलनं डबा पुसून ममताच्या हातात दिला. "तिसरा डबा तुले सापडला. वहीत तूच लिही. घेतलं काय, ठेवलं काय."

तिनं पेन घेतलं. मी खांद्यावरून वाचलं. 'सापडला. ममता राठोड. घेतलं: आमची घंटा. ठेवलं: काही नाही, आमचंच होतं.'

दगड आता पायरीच्या कडेला आहे. त्यावर कोणीतरी अजून फूल ठेवतं. कोण ते मी विचारत नाही.

समितीनं नवा नियम केला. वस्तूखोलीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी राखणदारानं बघायची. पुढच्या रविवारी मी घंटा बघायला गेले. निघताना ममता दारातच उभी होती. समोर दोन पाहुण्यांच्या बॅगा तिनं नीट पाहिल्या. मला बघून बाजूला सरली.

"जा ना बाई. तुमची कायले पाहू?"

मी जागची हलले नाही. पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून तिच्यापुढे धरलं. आत चष्मा, वही आणि पावशेर भाजी होती.

"पाहून घे," मी म्हटलं. "मी तुझी पाहिली होती."

ती वाकली आणि तिनं पिशवी पार तळापर्यंत पाहिली.